वाफ, तेल आणि तवा: इंदूरच्या स्वयंपाकघरातला उष्णतेचा हिशोब

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नव्हे तर ९८ अंशांच्या आसपास उकळतं. दोन अंशांनी डाळ अडत नाही. पण उकळी फुटल्यावर गॅस कितीही मोठा केला तरी पाणी त्यापुढे तापत नाही, नुसतं लवकर आटतं. १ लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणायला सुमारे ३०५ किलोज्यूल लागतात. तेच पाणी पूर्ण आटवायचं तर आणखी २,२५० च्या वर, म्हणजे सातपटीहून जास्त. शेगडीची ६५ टक्के उष्णता भांड्याला मिळते असं धरलं, तर उकळीला १० ग्रॅम गॅस पुरतो आणि आटवायला ७५ लागतो. म्हणून बटाटे उकडताना उकळी येईपर्यंत आंच मोठी ठेवा, मग झाकण घालून इतकी बारीक करा की बुडबुडे जेमतेम येत राहतील. बटाटे खळखळत ठेवले म्हणून लवकर शिजत नाहीत, त्यांची सालं मात्र फुटतात.

आटताना पाण्याने घेतलेला हा अप्रकट उष्मा वाफ थंड वस्तूवर आदळून पुन्हा पाणी झाली की परत मिळतो. इंदुरी पोह्यांची सगळी युक्ती यात आहे. २५० ग्रॅम जाडे पोहे चाळा, धुवा, चाळणीत निथळत १० मिनिटं ठेवा. हळद, मीठ आणि अर्धा चमचा साखर हलक्या हाताने लावा. मोहरी, बडीशेप, मिरचीची फोडणी वेगळी करून वरून घाला. भगोन्यात एक तृतीयांश पाणी खळखळून उकळू द्या आणि मगच पोह्यांची चाळणी वर ठेवा. चाळणीच्या बुडाला पाणी लागता कामा नये. झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर थेंब पोह्यांवर टपकतात. ८ ते १० मिनिटं पुरतात.

अर्धा किलो भिजलेले पोहे २५ वरून ९० अंशांवर न्यायला साधारण ९५ किलोज्यूल लागतात. तेवढी उष्णता देताना ४० ग्रॅमच्या आसपास वाफेचं पाणी होतं आणि ते पोह्यांतच मुरतं. म्हणजे जवळजवळ तीन मोठे चमचे पाणी तुम्ही न घालताच पडतं. हे धरून पोहे किंचित कमी भिजवायचे. पूर्ण मऊ करून वाफेवर ठेवले तर लगदा होणारच. उलट ते चिवट राहिले, तर बहुधा पाणी उकळण्याआधीच चाळणी चढवलेली असते: कोमट हवेने पोहे सुकतात, शिजत नाहीत. ठेल्यावर पोहे सकाळभर भगोन्यावर राहतात आणि करपत नाहीत, कारण वाफ ९८ अंशांच्या वर जात नाही. कढईत तसे ठेवा, बुडातलं पाणी संपलं की तिथलं तापमान झरझर चढतं. वाफेवर मात्र खालचा थर ओला होत जातो, म्हणून अधूनमधून खालचे पोहे वर आणा.

तेलाचं गणित वेगळं. हिवाळ्यात सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू हा कंद दोनदा तळतात, ते नुसतं गिऱ्हाईक आल्यावर गरम द्यायची सोय म्हणून नव्हे. हाताला तेल लावून सोला (नाहीतर खाज सुटते), दोन-अडीच सेंटिमीटरच्या फोडी करा आणि कोरड्या पुसा. पहिली तळणी १४० ते १५० अंशांवर, ८ ते १० मिनिटं, सुरी सहज आत जाईपर्यंत. काढून १५ मिनिटं पसरून ठेवा, तळहाताने हलके दाबा. दुसरी तळणी १८५ ते १९० अंशांवर, २ ते ३ मिनिटं. वर जीरावन (इंदुरी चटपटीत मसाला) आणि लिंबू.

फोडीभोवती बुडबुडे जोरात येतात तोवर तिचा पृष्ठभाग १०० अंशांच्या जवळच असतो, भोवतीचं तेल कितीही तापलेलं असो. खमंग तांबूस रंग साधारण १४० अंशांपासून पुढे धरतो, म्हणजे आधी वरचं पाणी गेलं पाहिजे. पहिल्या तळणीत आतलं शिजतं, वरचं सुकतं. दुसरीत फक्त रंग आणि कुरकुरीतपणा. एकदाच मोठ्या आचेवर तळाल तर बाहेरून काळं, आतून कच्चं.

गर्दी हा दुसरा घोटाळा. १ लिटर तेल एक अंश खाली येताना सुमारे २ किलोज्यूल सोडतं. २५० ग्रॅम फोडी उकळबिंदूला न्यायला साठच्या वर किलोज्यूल लागतात, म्हणजे १८० चं तेल बघता बघता १५० वर येतं आणि बाष्पीभवन अजून मोजलेलंच नाही. दुसऱ्या तळणीला लिटरमागे १०० ते १२५ ग्रॅमच टाका. बाहेर काढल्यावर आतली वाफ निवते, पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणून झारा कढईवरच झटका, मग लगेच कागदावर.

भुट्ट्याचा कीस, म्हणजे दुधात शिजवलेला किसलेला मका, तळाला लागतो तो अभिसरण थांबल्यामुळे. दूध पातळ असताना ते स्वतःच वरखाली फिरतं. मक्याचं पिठूळ फुगून दाटलं की फिरणं बंद, आणि बुडातला थर तिथेच तापत राहतो. दाटू लागताच आंच बारीक करा आणि तळ खरवडून हलवा. इथे जाड बुडाची कढई हवीच. स्टीलपेक्षा ॲल्युमिनियम उष्णता दहापटीहून जास्त सहज वाहून नेतं, त्यामुळे पातळ स्टीलच्या भांड्यात ज्वाळेच्या वर्तुळापुरतंच करपतं.

कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या जवळ उकळतं. पहिली शिट्टी झाली की आंच लहान करा. मोठ्या आचेने आतलं तापमान वाढत नाही, वाफच वाया जाते. डाळ निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, फेस वर येऊन वाट बुजते.

फुलका फुगवते तीही वाफच: १ ग्रॅम पाण्याची वाफ पावणेदोन लिटरच्या आसपास जागा घेते. तवा चांगला तापू द्या. पहिली बाजू फक्त रंग बदलेपर्यंत, दुसरी बारीक ठिपके येईपर्यंत, मग थेट ज्वाळेवर. पहिली बाजू जास्त भाजली तर पापुद्रा कडक होऊन ताणला जात नाही. लाटताना कुठे पातळ राहिलं किंवा चिमट्याने टोचलं, तर वाफ तिथून निसटते आणि फुलका अर्धाच फुगतो.