९० अंशाच्या पल्सचे कॅलिब्रेशन: आकडेमोडीतील या चुका टाळा

एनएमआर (अणुकेंद्रीय चुंबकीय अनुनाद) यंत्रावर ९० अंशाच्या पल्सची, म्हणजे नमुन्यातील अणुकेंद्रांचे एकत्रित चुंबकत्व (चुंबकन) ९० अंशांनी वळवणाऱ्या रेडिओ लहरींच्या क्षणिक झोताची, लांबी ठरवताना पल्स टप्प्याटप्प्याने वाढवून दर वेळी संकेताची तीव्रता मोजतात आणि मिळालेल्या बिंदूंवर संगणकाकडून साइन वक्र बसवून घेतात. प्रोग्रॅम काही ना काही उत्तर देतोच, आणि ते दशांश चिन्हापुढील अंकांसह येत असल्याने त्यावर चटकन विश्वास बसतो. परंतु बहुतेक दोष वक्र बसवण्यापूर्वीच विदेत शिरलेले असतात.

सर्वांत घातक चूक फेजची, म्हणजे शिखर सुलटे दिसेल की उलटे हे ठरवणाऱ्या लहरीच्या टप्प्याची आहे. १८० अंशांपलीकडे संकेत ऋण व्हायला हवा. मात्र प्रत्येक वर्णपटाला स्वयंचलित फेज दुरुस्ती स्वतंत्रपणे लावली, की उलटे शिखर सुलटे होते, साइनऐवजी तिचे केवल मूल्य हाती येते आणि त्याची वारंवारता दुप्पट असल्याने पल्सची लांबी खऱ्याच्या निम्मी निघण्याचा धोका असतो. यासाठी सुरुवातीच्या छोट्या पल्सच्या वर्णपटाची फेज हाताने ठरवावी आणि तीच संपूर्ण मालिकेला लावावी. रिसीव्हर गेनही (आलेला संकेत किती पट वाढवायचा ते प्रमाण) मालिकाभर एकच ठेवावा, आणि तो इतका जास्त नसावा की वक्राचा माथाच छाटला जाईल.

दुसरी चूक घाईची. चुंबकन ९९ टक्क्यांहून अधिक पूर्ववत होण्यासाठी टी-१ या शिथिलन काळाच्या (चुंबकन मूळ स्थितीकडे किती वेगाने परतते हे दर्शवणाऱ्या काळाच्या) पाचपट थांबावे लागते. तेवढा वेळ दिला नाही, तर वक्राचा माथा लहान पल्सकडे सरकतो आणि ९० अंशाची पल्स आहे त्यापेक्षा आखूड भासते. शिवाय माथ्याजवळ वक्र सपाट असल्याने नेमका बिंदू पकडणे मुळातच कठीण असते. म्हणून ३६० अंशांजवळ संकेत शून्यातून जातो तो बिंदू शोधून त्याला चाराने भागणे मला अधिक भरवशाचे वाटते. तेथे चुंबकन जवळपास मूळ दिशेला परतलेले असल्याने थांबण्याचा काळही कमी लागतो. पल्स सुरू होण्यास व थांबण्यास लागणारा अल्प काळ या भागाकारात निसटतो, त्यामुळे वक्राच्या समीकरणात वेळेचे एक स्थिर पद ठेवावे.

लागोपाठच्या दोन मोजणींतील पल्सच्या लांबीचे अंतर साइन वक्राच्या आवर्तनकाळाच्या निम्म्याहून कमी असणे अनिवार्य आहे. प्रत्यक्षात ते त्याहून बरेच बारीक ठेवावे.

शक्ती बदलताना डेसिबलचे गणित अनेकदा चुकते. पल्सची लांबी व्होल्टेजवर अवलंबून असल्याने येथे डेसिबलच्या सूत्रात लॉगरिदमपुढे २० चा गुणक लागतो, १० चा नव्हे. शक्ती ६ डेसिबलने घटवली, की १० मायक्रोसेकंदांची पल्स सुमारे २० मायक्रोसेकंदांची होते. अ‍ॅम्प्लिफायर सर्वत्र सरळ प्रमाणात वागेलच असे नाही, म्हणून हा अंदाज मोजून पडताळावा.

उत्तर आल्यावर मोजलेले बिंदू आणि बसवलेला वक्र यांतील फरकाचा आलेख जरूर पाहावा. फरक दोन्ही बाजूंना विस्कळीत विखुरलेला असेल, तर तो केवळ गोंगाट होय. पल्स वाढेल तसा वक्र खुजा होत असेल, तर रेडिओ क्षेत्र नमुन्यात सर्वत्र सारखे नाही असे समजून समीकरणात क्षयाचे पद घालावे. पाण्याचे प्रमाण मोठे असलेल्या नमुन्यात शून्याजवळ संकेत वेडावाकडा दिसतो, तेव्हा रेडिएशन डॅम्पिंगची (तीव्र संकेताने कॉइलमध्ये निर्माण झालेला प्रवाह उलट चुंबकनावरच परिणाम करतो, त्याची) शंका घ्यावी आणि पाण्याऐवजी दुसरा, क्षीण संकेत निवडावा. कालपेक्षा आज पल्स लांबली असेल, तर आधी प्रोबचे (नमुन्याभोवतालच्या कॉइलच्या भागाचे) ट्यूनिंग व मॅचिंग, म्हणजे वारंवारतेशी व विद्युत परिपथाशी जुळवणी, तपासावे. खारट नमुन्यात ट्यूनिंग अचूक असूनही पल्स लांबतेच, त्यामुळे तेथे मागच्या नमुन्याचा आकडा वापरू नये.