अंगातली घाई उतरवायची कशी?

दिवसभर पळणाऱ्या माणसाला ‘जरा शांत बस’ म्हणणं हा सगळ्यात निरुपयोगी सल्ला. पळालेलं अंग एकदम खुर्चीत टाकलं की पाय हलायला लागतात आणि डोक्यात राहिलेल्या कामांची यादी सुरू होते. म्हणून आधी चालायचं, बसायचं नंतर. ठाणेकरांना त्यासाठी तलावपाळी उत्तम. वाट तलावाला धरून जाते, कुठे वळायचं याचा विचार करावा लागत नाही. सकाळी सातच्या आत जा, संध्याकाळी तिथे जत्रा असते. उपवन तलावही चालेल.

मोबाइल घरी ठेवा. सेकंदकाटा असलेलं घड्याळ, कागदाचा चिटोरा आणि पेन पुरे.

पहिली पाच मिनिटं लोकल पकडायच्या झपाट्याने चाला, म्हणजे मिनिटाला ११०-१२० पावलं. पुढची पाच मिनिटं ९०.

मग दहा मिनिटं ६०. सेकंदाला एक पाऊल. ऐकायला सोपं, पण बहुतेक जण इथेच सोडून देतात. इतक्या हळू चालताना तोल डुगडुगतो, कारण टांग नेहमीएवढीच लांब पडते. पाऊल आखूड करा, टाच आधी टेका, नजर दहा-पंधरा फुटांवर ठेवा. पायांकडे बघत चाललात तर मान आखडेल.

आता श्वास. चार पावलं नाकाने आत, सहा पावलं बाहेर. ६०च्या चालीत एक श्वास दहा सेकंदांचा होतो, मिनिटाला सहा. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, सोडताना मंदावतात, म्हणून सोडणं लांबवायचं. ‘खोल श्वास घ्या’ हे मात्र विसरा. छाती भरभरून घेत राहिलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, ओठांना नि बोटांना मुंग्या येतात. नेहमीएवढाच घ्या, सावकाश सोडा. रोखून धरू नका. सोडलेला श्वास सहा पावलं पुरत नसेल तर तीन आत, चार बाहेर.

दोन-तीन मिनिटांत बेचैनी कमी होण्याऐवजी वाढते. हात रिकाम्या खिशाकडे जातो, गॅसचं बिल आठवतं, एखादे आजोबा काठी टेकत पुढे निघून जातात आणि आपण वेडे दिसतोय असं वाटतं. पद्धत चुकली असं समजून लोक नेमके इथे परत फिरतात. चुकलेलं काही नसतं. बिल आठवलं तर चिटोऱ्यावर ‘बिल’ एवढाच शब्द लिहा, वाक्य नको. चाल आपोआप वाढलेली असते, तेव्हा घड्याळाकडे बघत दहा सेकंदांत दहा पावलं टाका आणि पुढे चला.

शेवटी पाच मिनिटं बाकावर बसा. आता बसवतं.

आठवड्यातून तीन सकाळी हे केलंत तर कामाच्या दिवशी छोटी आवृत्ती जमते. त्यासाठी फास्ट लोकलचा हट्ट सोडून ठाण्याहूनच सुटणारी स्लो पकडा, बसायला मिळण्याची आशा तरी असते. पावलांऐवजी अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवा: चार पेरं श्वास आत, सहा बाहेर. मुलुंड, नाहूर, भांडुपपर्यंत एवढंच करा. उतरल्यावर पुलाच्या जिन्यात मात्र ६०ची चाल काढू नका, मागून लोंढा येत असतो.