फॅसिलिटी मॅनेजमेंटकडे तरुण पोरं वळवायची कशी? आधी त्यांना प्लांट रूम दाखवा

फॅसिलिटीवाल्यांची, म्हणजे बिल्डिंगचं एसी, वीज, पाणी चालू ठेवणाऱ्यांची, एक कायमची रड असते, नवीन पोरं येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, सगळ्यांना आयटीच हवंय वगैरे वगैरे. मला हे फारसं पटत नाही. पोरं या कामाला नाही म्हणत नाहीयेत, त्यांनी हे काम कधी बघितलेलंच नाहीये. आणि बघणार तरी कसं, बिल्डिंग नीट चालली तर कोणाच्या लक्षातही येत नाही आणि एसी बंद पडला की पाच मिनिटांत फोनवर फोन. बाहेरच्यांना आपण दिसतो ते फक्त शिडी खांद्यावर घेऊन पळताना. म्हणून ते ब्रोशर आणि "उज्ज्वल भवितव्य"वाली भाषणं राहू द्या बाजूला, आधी त्यांना आत आणा.

आत म्हणजे कॉन्फरन्स रूममध्ये नाही हं! तिथे पीपीटी लावली की अर्ध्या तासात सगळे मोबाईलमध्ये. थेट प्लांट रूममध्ये, म्हणजे बिल्डिंगची मोठी मशिनं असतात तिथे न्या. जवळच्या पॉलिटेक्निकला किंवा कॉलेजला सांगून आठ-दहा जणांचा ग्रुप बोलवा, त्यापेक्षा मोठा नको, कारण चिलरच्या (एसीसाठी पाणी थंड करणारं मोठं मशिन) आवाजात मागच्याला काही ऐकू येत नाही. बंद बूट, हेल्मेट, कानात इअरप्लग, इलेक्ट्रिकल पॅनलची दारं बंदच, आणि सोबत एक असा टेक्निशियन द्या ज्याला बोलायला आवडतं. मॅनेजर साहेबांनी शक्यतो मागे राहावं.

आता दाखवायचं काय? मशिनची नावं सांगत फिरलात तर म्युझियमची ट्रिप होते. त्यापेक्षा त्यांना एक केस द्या. उदाहरणार्थ, चौथ्या मजल्यावरचा एक कोपरा रोज दुपारी तापतो, बाकी मजला थंडगार, तक्रार तीन वेळा आलीये, शोधा कारण. मग पोरं अंदाज बांधायला लागतात. एएचयूचा (मजल्यावर थंड हवा सोडणारं युनिट) फिल्टर चोक झाला असेल? चला, फिल्टरच्या दोन बाजूंचा प्रेशर फरक दाखवणारा गेज बघू. तो नॉर्मल आहे आणि फिल्टर चोक असता तर त्या एएचयूवरचा सगळाच मजला रडला असता, म्हणजे ते नाही. डँपर (डक्टमधली हवा कमी-जास्त करणारी झडप) अडकला असेल? बीएमएसवर (बिल्डिंगची कॉम्प्युटरवरची कंट्रोल सिस्टीम) उघडण्याची कमांड आणि प्रत्यक्षातली पोझिशन दोन्ही बघा. थर्मोस्टॅट चुकीचं वाचतोय का? पश्चिमेच्या काचेतून ऊन येतंय का? कोणीतरी पार्टिशन टाकून हवा परत जायची वाट बंद केलीये का? शेवटी वर जाऊन हात लावून बघायचं. ज्या पोराला किंवा पोरीला ही केस सोडवताना मजा आली ना, ती तुमची माणसं, त्यांचे नंबर त्याच दिवशी घ्या.

अजून एक सोपी गोष्ट करता येते. हॉस्पिटलची बिल्डिंग असेल आणि एखादी आयसोलेशन रूम रिकामी असेल तर तिथल्या लोकांची परवानगी काढून बंद दाराच्या खालच्या फटीपाशी टिश्यूची पट्टी धरायला सांगा. ती आतल्या बाजूला ओढली जाते, कारण त्या खोलीत मुद्दाम प्रेशर कमी ठेवलेलं असतं, म्हणजे जंतू बाहेरच्या पॅसेजमध्ये येऊ नयेत. ऑपरेशन थिएटरमध्ये बरोबर उलटं, तिथे प्रेशर जास्त, म्हणजे बाहेरची हवा आत घुसू नये. हे दोन मिनिटांत कळतं, आणि कोणाचा तरी जीव या फॅन आणि डँपरवर अवलंबून आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. डेटा सेंटर असेल तर आकडा सांगा, ९९.९९९ टक्के अपटाइम म्हणजे अख्ख्या वर्षात बंद राहायची मुभा जेमतेम सव्वापाच मिनिटं. मग यूपीएस, डीजी (डिझेल जनरेटर), बॅटऱ्या हे सगळं का आहे ते पोरं स्वतःच विचारतात.

पर्यावरणाबद्दल तर या पिढीला मनापासून काहीतरी करायचंय, आणि आपण ते त्यांना सांगतच नाही! जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे ३० टक्के बिल्डिंगा चालवण्यात जाते. रिकामी बिल्डिंग रात्री तीन वाजता किती वीज खाते त्याचा ग्राफ स्क्रीनवर लावा आणि विचारा, यातलं काय बंद करता येईल? झाड लावण्याचे फोटो टाकण्यापेक्षा हे भारी आहे (माझं मत).

आता जाहिरात. "फॅसिलिटी एक्झिक्युटिव्ह पाहिजे, प्रेशरमध्ये काम करण्याची तयारी हवी, २४ तास उपलब्ध" असं लिहिलं तर कोण येणार हो? पहिल्या वर्षी हातात काय काम असेल, काय शिकायला मिळेल, कोणाच्या हाताखाली, शिफ्ट कशी, आणि पगार, हे सरळ लिहा. शिफ्ट आणि ऑन-कॉल लपवू नका. रात्री दोनला पंप बंद पडला म्हणून फोन येणार आहे, तो महिन्यातून किती रात्री आपल्या वाट्याला आहे आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळते का हे आधी सांगितलं तर पोरं तयार होतात, नंतर कळलं तर दुसऱ्याच महिन्यात गायब. आणि मुली हव्यात म्हणता तर बेसमेंटजवळ चेंजिंग रूम आणि टॉयलेट आहे का, लहान साइजचे सेफ्टी शूज स्टोअरमध्ये आहेत का ते बघा, पोस्टरवर मुलीचा फोटो छापून काही होत नाही.

आले की खरी परीक्षा आपली. बऱ्याच ठिकाणी नव्या पोराला रजिस्टर देतात आणि म्हणतात दर दोन तासांनी रीडिंग लिही, बास, तीन महिने तेच. हुशार पोरगं पळणारच. त्यापेक्षा असेट टॅगिंगचं काम द्या. प्रत्येक व्हॉल्व्ह, पंप, पॅनलवर क्यूआर कोड, फोटो, शेवटची सर्व्हिस कधी झाली ते सॉफ्टवेअरमध्ये. यात त्याला अख्खी बिल्डिंग पाठ होते, आणि सोबत जुन्या टेक्निशियनला जोडून दिलं की कुठला व्हॉल्व्ह कोणत्या फॉल्स सीलिंगच्या वर लपलाय हे जे फक्त त्यांच्या डोक्यात असतं ते कागदावर उतरतं. अहो, ती माणसं रिटायर झाल्यावर तो व्हॉल्व्ह शोधायला अर्धा दिवस जातो! जुन्यांना मात्र आधी विश्वासात घ्या, नाहीतर त्यांना वाटतं आपली जागा घ्यायलाच आणलाय.

त्यानंतर एक छोटी गोष्ट पूर्णपणे त्याच्या नावावर करा, एखादा मजला, किंवा पाण्याच्या टाक्या आणि पंप, किंवा वीजबिल. निर्णय त्याचा, महिन्याच्या मीटिंगमध्ये बोलणारही तोच. मोठे साहेब येतील तेव्हा त्यालाच बोलू द्या.

पुढचा रस्ता पण दिसला पाहिजे. टेक्निशियन, मग शिफ्ट इंजिनिअर, मग फॅसिलिटी मॅनेजर, पुढे अनेक साइट्सचा हेड, आणि मध्येच एनर्जी, फायर सेफ्टी, कमिशनिंग (नवी यंत्रणा तपासून सुरू करून देणं), डेटा सेंटर अशा फांद्या फुटतात. या क्षेत्राला आता स्वतःचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयएसओ ४१००१, २०१८ साली आलं, आणि इफ्मा ही फॅसिलिटीवाल्यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९८० पासून आहे. त्यांचा एफएमपी कोर्स करायला आधीचा अनुभव लागत नाही, सीएफएम हे त्यांचंच पुढचं सर्टिफिकेट. कंपनीने परीक्षेची फी भरली तर पोरं दोन वर्षं तरी कुठे जात नाहीत असा अंदाज आहे माझा, बाँड लिहून घ्यायची गरज पडू नये.

व्हिजिटला आलेल्यांपैकी बहुतेक जण लगेच जॉइन होणार नाहीत, परीक्षा असतात, घरचे "एवढं शिकून मेंटेनन्समध्ये?" म्हणतात. त्यांची लिस्ट ठेवा, सुट्टीत महिनाभराची पेड इंटर्नशिप द्या, आणि शेवटच्या दिवशी घरच्यांनाही साइट बघायला बोलवा, त्यांना फिरवायचं काम त्या पोरांनाच द्या.