जुन्या फायर स्टेशनात ठाण्याचं म्युझियम करायचं तर

समजा आपल्या ठाण्यात एखादं जुनं फायर स्टेशन रिकामं झालं आणि चार जणांनी ठरवलं की इथे गावाच्या इतिहासाचं म्युझियम करू, तर शोकेसच्या मागे लागू नका, आधी रजिस्टर घाला. लोक वस्तू भरभरून देतात हो, पण कोणी दिली, कुठे वापरली, कायमची दिलीय की फक्त दाखवायला, हे त्याच दिवशी लिहून सही नाही घेतली तर वर्षभराने ते नुसतं भंगार वाटायला लागतं.

जागा मात्र या कामाला एक नंबर. पाण्याने भरलेला बंब उभा राहायचा म्हणजे फरशी दणकट, दरवाजेही उंच. होज, म्हणजे बंबाचा पाण्याचा पाइप, सुकवायचा टॉवर असेल तर प्लीज तोडू नका, वरून एक जुना कॅनव्हासचा होज सोडा, पोरं मान वर करून बघतात आणि टॉवर कशाला होता ते आपोआप कळतं.

पितळी घंटा, हेल्मेट आलं की समईसारखं चिंच लावून घासायचं नाही. कोरलेली अक्षरं झिजतात आणि खाचेत राहिलेल्या आंबटाने पुढे हिरवा कळंक चढतो. मऊ कोरडं सुती कापड, बस. जुने फोटो लॅमिनेट तर अजिबात करू नका, एकदा चिकटलं की निघत नाही. मागे लिहायचं ते पेन्सिलने, हलक्या हाताने. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे बुरशी आलीच, त्यामुळे कपाटं बाहेरच्या भिंतीला टेकवू नका.

उद्घाटनाला १४ ते १६ एप्रिल धरा. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, ६६ अग्निशामक गेले, म्हणून तो दिवस अग्निशमन सेवा दिन. आणि १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आपल्या ठाण्याला आली. एवढे दोन दिवस जवळजवळ आलेत तर सोडायचे कशाला!

सगळ्यात घाई करा ती रिटायर्ड फायरमन काकांना भेटायची. वस्तू थांबतील, माणसं थांबत नाहीत. "अनुभव सांगा" म्हटलं की ते दोन वाक्यांत आटपतात, त्यापेक्षा जुनं हेल्मेट हातात द्या आणि विचारा, "काका, घंटा वाजली की आधी काय घालायचात?" मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि मध्ये बोलू नका.