लीगमध्ये काम करायचे असेल तर आधी टेबलावर बसा

दरवर्षी क्रीडा व्यवस्थापनाच्या परीक्षा आटोपल्या की मला विद्यार्थ्यांचे फोन येऊ लागतात. भारतात व्यावसायिक बास्केटबॉल लीग उभी राहते आहे, तर तिच्यात काम कसे मिळवावे, असा बहुतेकांचा प्रश्न असतो. त्यांच्या डोळ्यांसमोर खेळाडूंचा लिलाव, प्रायोजकांच्या बैठका आणि गळ्यात अडकवलेले ओळखपत्र असते. मी नागपूरला विद्यापीठ पातळीपर्यंत खेळलो, गुडघ्याने दगा दिल्यावर गुणलेखक झालो आणि पुढची दहा-अकरा वर्षे निरनिराळ्या स्पर्धांच्या नियोजनात काढली. लीग फसते ती बहुधा पैशांपेक्षा तारखांपायी, आणि तारखा जुळवू शकणारा माणूस तयार होतो तो सामन्याच्या टेबलावर, म्हणजे गुण आणि वेळ नोंदवणाऱ्यांच्या जागी, असे माझे या वर्षांतून बनलेले मत आहे. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांनी ते पटवून घ्यावे किंवा खोडून काढावे.

आधी थोडा इतिहास, कारण मुलाखतीला येणाऱ्यांपैकी निम्म्यांना तो ठाऊक नसतो. भारतीय बास्केटबॉल महासंघाची स्थापना १९५० ची. २०१० मध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्स या क्रीडा व्यवस्थापन कंपनीबरोबर ३० वर्षांचा करार केला आणि आता राष्ट्रीय लीग येणार असे सगळ्यांनी गृहीत धरले. ती आली नाही. २०१५ साल तर मोठे विचित्र उजाडले. पंजाबमधल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, ५२ व्या क्रमांकावर डॅलस मॅव्हरिक्सकडून निवडला गेला, आणि त्याच वर्षी महासंघात दोन गट पडून ‘खरा महासंघ कोणता’ हा वाद आंतरराष्ट्रीय संघटनेपर्यंत, म्हणजे फिबापर्यंत, गेला. त्याच वर्षी यूबीए ही खासगी लीगही सुरू झाली. पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स, चेन्नई स्लॅम अशा शहरांच्या नावांचे संघ तिच्यात होते आणि २०१७ पर्यंत तिचे चार हंगाम झाले. त्यानंतर २०१८ मध्ये तीन विरुद्ध तीन प्रकाराची लीग आली. २०२२ च्या ऑक्टोबरात महासंघाच्या पाठिंब्याने इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग, म्हणजे आयएनबीएल, कोचीत सुरू झाली आणि जयपूर, पुणे करत २०२३ च्या जानेवारीत बेंगळुरूमध्ये संपली. तिच्यात सहा संघ होते आणि विजेतेपद चेन्नई हीटने पटकावले.

या यादीकडे पाहून ‘आपल्याकडे या खेळाला प्रेक्षकच नाहीत’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. मला तो आळशी वाटतो. खरी अडचण कळण्यासाठी भारतातला चांगला बास्केटबॉलपटू पोटासाठी काय करतो हे पाहावे लागते. तो रेल्वेत, सेनादलात, ओएनजीसीत, इंडियन ओव्हरसीज बँकेत किंवा एखाद्या राज्याच्या पोलीस दलात नोकरीला असतो. त्याला खेळाच्या कोट्यातून मिळालेली ही नोकरी निवृत्तीपर्यंतची असते आणि घराचे हप्ते, आईवडिलांचे औषधपाणी, बहिणीचे लग्न हे सारे तिच्यावर चालते. पाच-सहा आठवड्यांची लीग त्याच्यासमोर कितीही झगमगती उभी केली, तरी तो आधी आपल्या क्रीडा अधिकाऱ्याला विचारतो. विभागाने ना हरकत पत्र दिले तरच तो येतो. लीगमध्ये पाय मुरगळला आणि आंतररेल्वे स्पर्धेला मुकावे लागले, तर त्याची बढतीही अडू शकते.

त्यामुळे लीगच्या कार्यालयातले सर्वांत महत्त्वाचे कागदपत्र म्हणजे प्रायोजकाचा करार नव्हे, तर तारखांचा तक्ता. मी पहिल्यांदा असा तक्ता केला तेव्हा एक्सेलमध्ये अठरा रकाने झाले होते. राष्ट्रीय वरिष्ठ स्पर्धा, फेडरेशन कप, आंतररेल्वे, सेनादलाच्या स्पर्धा, आंतरविद्यापीठ स्पर्धा, फिबाने राष्ट्रीय संघांच्या सामन्यांसाठी राखून ठेवलेल्या तारखा, बोर्डाच्या परीक्षा, पावसाळा. शेवटच्या तीन रकान्यांनी मला खरे शहाणे केले: लग्नसराई, सरकारी भरतीच्या परीक्षा आणि मतमोजणी. आपल्याकडची बंदिस्त क्रीडागृहे या तिन्हींसाठी घेतली जातात, आणि जिल्हाधिकारी कार्यालयाचे पत्र आले की लीगचे आरक्षण बाजूला पडते. सगळे रकाने भरून झाल्यावर वर्षभरात मोकळे असे फक्त सात आठवडे उरले होते, तेही सलग नव्हते.

खेळाडूंना बाहेरचे जग दाखवण्याचे काम मात्र या अर्धवट लीगनीही केले, हे मान्य करावे लागते. यूबीएत खेळलेल्या पालप्रीत सिंग ब्रारला २०१६ मध्ये आणि अमज्योत सिंगला २०१७ मध्ये एनबीएच्या विकास लीगच्या ड्राफ्टमध्ये स्थान मिळाले. विशेष भृगुवंशीने २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या अॅडलेड थर्टीसिक्सर्सशी करार केला.

खेळाडू नोकरीशी बांधलेला असण्याचा पेच जपानने कसा सोडवला ते नवख्या माणसाने आवर्जून वाचावे, कारण ती परिस्थिती आपल्याला फार जवळची आहे. तिथे कंपन्यांचे संघ होते आणि त्यांचे खेळाडू बहुधा त्याच कंपन्यांचे कर्मचारी असत. २००५ मध्ये या व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या संघांनी बीजे लीग ही वेगळी व्यावसायिक लीग काढली. एका देशात दोन वरिष्ठ लीग झाल्या आणि राष्ट्रीय संघटनेला त्या एकत्र आणता येईनात. अखेर नोव्हेंबर २०१४ मध्ये फिबाने जपानला निलंबित केले. मग फुटबॉलमध्ये जे-लीग उभी करणाऱ्या साबुरो कावाबुची यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी दोन्ही बाजूंना एका टेबलाशी बसवले, २०१५ मध्ये निलंबन उठले आणि सप्टेंबर २०१६ मध्ये बी-लीग सुरू झाली. तिच्या पहिल्या श्रेणीत १८ क्लब होते. क्लबांना आपल्या गावाशी, तिथल्या क्रीडागृहाशी आणि तिथल्या प्रेक्षकांशी नाते जोडावे लागले. टोयोटाचा अल्वार्क हा संघ ‘अल्वार्क टोकियो’ झाला. नाव बदलण्याची ही गोष्ट वरवरची वाटेल, पण तिच्यामागे खेळाडू कोणाचा नोकर, हा प्रश्न होता. आपल्याकडे रेल्वेला किंवा ओएनजीसीला कोणी असा प्रश्न विचारल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही. विचारला तर उत्तर काय येईल याचा अंदाज मात्र मला आहे.

आता टेबलाविषयी. मैदानाच्या मध्यरेषेसमोर जे टेबल असते त्यावर गुणलेखक, सहायक गुणलेखक, वेळाधिकारी आणि शॉट क्लॉक (फटका मारायला उरलेले सेकंद दाखवणारे घड्याळ) चालवणारा असे चौघे बसतात. कोणत्याही लीगचे अख्खे काम या सहा-सात फुटांच्या फळीवर दिसते. गुणपत्रक हाताने भरायचे असते आणि त्याचे व्याकरण ठरलेले आहे: पहिल्या व तिसऱ्या सत्रात लाल शाई, दुसऱ्या व चौथ्या सत्रात निळी किंवा काळी, दोन गुणांच्या बास्केटला तिरकी रेघ, फ्री थ्रोला भरीव ठिपका आणि तीन गुणांच्या बास्केटला खेळाडूच्या क्रमांकाभोवती वर्तुळ. सामना संपल्यावर या कागदावर पंचांची सही होते आणि तक्रार आली तर हाच कागद पुढे केला जातो. मोठ्या स्पर्धांत शेजारी संगणकावर आकडेवारी भरली जाते, पण वीज गेली की सगळ्यांच्या माना या कागदाकडेच वळतात.

माझी फजिती सांगतो. एका निमंत्रित स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात मी शॉट क्लॉकवर होतो. चौथ्या सत्राची तीनेक मिनिटे उरलेली. आक्रमक संघाचा फटका कडीला लागून उडाला आणि त्याच संघाने चेंडू पुन्हा मिळवला. अशा वेळी घड्याळ २४ सेकंदांवर न नेता १४ वर न्यायचे असते. माझा अंगठा सवयीने मोठ्या बटणावर गेला. कोणाच्या लक्षात येण्याआधीच त्या संघाने वाढीव सेकंदांचा पुरेपूर फायदा घेत कोपऱ्यातून तीन गुण मारले. ते गुण तसेच राहिले आणि हरलेल्या संघाचे प्रशिक्षक सामना संपल्यावर टेबलाजवळ येऊन मला काही बोलले नाहीत, नुसते उभे राहिले. त्या रात्री हॉटेलच्या खोलीत मी रिमोट हातात धरून दोन्ही बटणांचा सराव करत बसलो होतो. व्यवस्थापनाच्या कोणत्याही वर्गात मला हे शिकवले गेले नव्हते, आणि पुढे लीगसाठी टेबलावरची माणसे निवडताना मी पदवीच्या आधी अंगठा पाहू लागलो.

टेबलावर पोहोचण्याचा रस्ता सरळ आहे, फक्त तो लांबचा वाटतो म्हणून कोणी धरत नाही. आपल्या जिल्हा संघटनेच्या सचिवांना भेटावे, शालेय आणि कुमार गटाच्या स्पर्धांत विनामोबदला किंवा चहा-नाश्त्यावर काम करावे आणि राज्य संघटना परीक्षा घेते तेव्हा ती द्यावी. मुंबईकरांनी एकदा तरी नागपाड्याला जाऊन संध्याकाळचा खेळ पाहावा. भारताचे माजी कर्णधार आणि अर्जुन पुरस्कारविजेते अब्बास मुंतसिर याच भागातले. तिथे कुंपणापलीकडून पाहणाऱ्या पोरांनाही फाउल कोणाचा हे पंचाच्या आधी कळते, आणि टेबलावर चूक झाली तर ती तुम्हाला तत्काळ व फार स्पष्ट शब्दांत सांगितली जाते.

ज्यांना लवकर अनुभव हवा आहे त्यांनी तीन विरुद्ध तीनच्या स्पर्धांपासून सुरुवात करावी. अर्धे मैदान, एक कडी, दहा मिनिटे किंवा २१ गुण, आणि शॉट क्लॉक १२ सेकंदांचा. एका दिवसात वीस-पंचवीस सामने होतात. सामन्यांची रांग लावणे, उशिरा आलेल्या संघाचे काय करायचे ते ठरवणे, उन्हाचा रोख पाहून वेळ बदलणे हे सगळे एका शनिवार-रविवारी शिकून होते.

शहरोशहरी फिरणारा एकच तांडा असावा की प्रत्येक संघाने आपल्या घरच्या मैदानावर खेळावे, यावर मुलाखतीत हमखास प्रश्न येतो. आठवडाभर सगळे संघ एका शहरात नेले की लाकडी मैदानाचे तुकडे, कड्यांचे खांब, प्रक्षेपणाचे साहित्य एकदाच हलवावे लागते आणि खर्च आवाक्यात राहतो. आयएनबीएलच्या पहिल्या हंगामाची रचना साधारण अशीच होती. सुरुवातीच्या एक-दोन हंगामांना मला ती योग्य वाटते. मात्र संघाला शहराचे नाव द्यायचे आणि त्या शहरातल्या मुलांना तो वर्षातून जेमतेम आठवडाभर दाखवायचा, हे फार काळ चालत नाही. कोल्हापूरच्या तालमींना हंगामी प्रेक्षक लागत नाहीत, कारण पैलवान तिथेच राहतो, तिथेच जेवतो आणि गल्लीतून चालत जातो.

पैशांबद्दल मोकळेपणाने लिहितो. माझ्या उमेदीच्या काळात एका आयोजकाने मानधन ‘स्पर्धा संपल्यानंतर’ देण्याचे लेखी कबूल केले होते. स्पर्धा संपल्यानंतर म्हणजे कधी, हे मी विचारले नाही. पैसे आठव्या महिन्यात आले, तेही दोन हप्त्यांत, आणि मधल्या काळात मी घरभाडे मोठ्या भावाकडून घेतले. तेव्हापासून करारात तारीख लिहिलेली नसेल तर मी सही करत नाही. एक तृतीयांश रुजू होताना, एक तृतीयांश मध्यावर आणि उरलेला शेवटच्या सामन्यानंतर पंधरा दिवसांत, अशी मागणी करण्यात काहीही उद्धटपणा नाही. शिवाय महासंघाच्या मान्यतेचे पत्र दाखवा, असे सांगायला लाजू नका. मान्यता नसलेल्या स्पर्धेत काम केल्यामुळे पंच आणि टेबलावरच्या अधिकाऱ्यांना पुढे अधिकृत नेमणुका मिळणे कठीण होऊ शकते, आणि त्या वेळी आयोजक तुमच्या बाजूने उभा राहील या भरवशावर बसू नये.

अर्ज करताना आपण किती खेळलो याचा पाढा वाचण्यापेक्षा किती सामन्यांच्या टेबलावर बसलो, कोणकोणत्या जागी बसलो आणि कोणत्या वयोगटासाठी, ते लिहावे. हिंदी लागतेच. दक्षिणेकडचे खेळाडू आणि प्रशिक्षक मोठ्या संख्येने असल्यामुळे चार तमिळ किंवा मल्याळम वाक्ये येत असतील तर विमानतळावरून संघ आणताना त्यांचा उपयोग होतो. आयोजक तुमच्या अर्जातला सामन्यांचा आकडा ताडून पाहायला जिल्हा सचिवांनाच फोन करतो, म्हणून तो फुगवू नये.

जिल्हा स्पर्धेचा पहिला सामना चारला असेल तर तीनला पोहोचा. सोबत दोन लाल आणि दोन निळी पेने, कोरी गुणपत्रके, एक साधे हातातले स्टॉपवॉच आणि चिकटपट्टी न्या. चिकटपट्टी कशाला, असे कोणी विचारले तर खेळाडूंच्या बाकांची जागा जमिनीवर आखायची आहे असे सांगा. तिथे ती आखलेली नसतेच.