या चुका टाळा: पुन्हा पुन्हा दिसणारी त्रासदायक दृश्ये आणि कल्पनाचित्रांचा उपचार

ऑगस्ट २०१९ च्या पुरात आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये, जेव्हा निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचे पाणी महामार्गावर आले होते, तेव्हा नदीकाठच्या अनेकांनी जे पाहिले, ते पाणी ओसरले म्हणून मनातून गेले असे नाही. पावसाची झड लागली की तेच दृश्य नको असताना डोळ्यांसमोर येते. अपघात, मारहाण किंवा लहानपणीचा छळ सोसलेल्यांचाही अनुभव असाच असतो. अशा दृश्यांवर इमेजरी रिस्क्रिप्टिंग नावाची उपचारपद्धती वापरली जाते. तीत त्रासदायक आठवण तज्ज्ञाच्या सोबतीने मनात उभी करून तिचा पुढचा भाग कल्पनेत बदलला जातो. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ आर्नाउड आर्न्ट्झ यांचा या पद्धतीच्या विकासात मोठा वाटा आहे. पद्धत उपयुक्त आहे. मात्र ती चुकीच्या समजुतीने केली, की त्रास वाढतो आणि बोल पद्धतीला लागतो.

पहिली चूक घरातूनच सुरू होते. ‘मनावर घेऊ नकोस, विसरून जा’ हा सल्ला मायेचा असला, तरी दृश्य बळाने दाबल्याने ते हटत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तेव्हा ते अस्वल त्यांच्या मनात येतच राहिले.

सर्वांत जास्त गफलत नवे चित्र निवडताना होते. समजा, एका शेतकऱ्याला गोठ्यातला तो क्षण दिसत राहतो: पाणी मांडीपर्यंत चढले आहे, दाव्याची गाठ भिजून आवळली आहे, बोटांना ती सुटत नाही आणि म्हैस मान वर ताणून धरते आहे. त्याला ‘पूर आलाच नाही, अशी कल्पना करा’ असे सांगितले, तर मन ती क्षणभरही मानत नाही, कारण त्याला खरी बोचणी पुराची नसून ‘माझ्यामुळे जनावर गेले’ याची आहे. चित्र थांबवायचे ते सर्वांत भयंकर क्षणाच्या किंचित आधी, आणि विचारायचे की पाण्यात उभ्या असलेल्या त्या माणसाला या घडीला काय हवे आहे. कदाचित आजचा तोच माणूस विळा घेऊन गोठ्यात शिरेल आणि दावे कापेल. कदाचित कोणीतरी त्याचा दंड धरून ‘अण्णा, सोडा आता, वर चला’ असे ठामपणे म्हणण्याची गरज असेल. विळ्याने दावे कापूनही अपराधीपणा तसाच राहिला, तर गरज ओळखण्यात चूक झाली असे समजून दुसरा बदल करून पाहावा. बदल वास्तवात शक्य असलाच पाहिजे, असे मुळीच नाही. त्याने घडलेले पुसलेही जात नाही. म्हैस गेली हे त्याला ठाऊकच असते, बदलतो तो त्या आठवणीचा अर्थ.

दृश्य वर्तमानपत्रातल्या बातमीसारखे दुरून सांगितले, तर भावना जागी होत नाही आणि बदलही लागू पडत नाही. म्हणून ‘मी उभा आहे, मला दिसते आहे’ असे वर्तमानकाळात सांगायचे असते. चित्र स्पष्ट दिसत नसेल, तर चिखलाचा वास किंवा पाण्याचा आवाजही पुरतो. मात्र सांगताना भान हरपू लागले, अंग बधिर झाले, तर रेटू नये. डोळे उघडावेत, पाय जमिनीवर टेकवावेत, खोलीतल्या वस्तूंची नावे घ्यावीत. याच कारणासाठी सर्वांत भीषण आठवण रात्री एकट्याने उकरणे धोक्याचे आहे. तसेच ‘काहीतरी विसरलेले असेल’ म्हणून कल्पनेतून जुन्या घटना शोधू नयेत. अशाने न घडलेलेही खरे वाटू लागते.

ओसीडीच्या, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येणे आणि ते शमवण्यासाठी त्याच त्या कृती करत राहणे या आजाराच्या रुग्णांनी विशेष सावध राहावे. मनात आलेले अभद्र चित्र प्रत्येक वेळी चांगल्या चित्राने ‘फेडण्याची’ सवय लागली, तर तोच एक विधी होऊन बसतो आणि आजार बळावतो. तिथे मुख्य उपचार वेगळा असतो.

दुःस्वप्नांसाठी याच धर्तीची सराव-पद्धत आहे. दिवसा, जागेपणी, स्वप्न हवे तसे बदलून नव्या रूपाची काही मिनिटे रोज उजळणी करायची. सुरुवात मात्र सर्वांत भयानक स्वप्नाने करू नये.

आपल्या बेळगाव सीमाभागात आणखी एक अडचण येते. दवाखान्यातील संभाषण कन्नड किंवा इंग्रजीत चालते आणि खानापूर-निपाणीकडचा माणूस कामापुरते बोलून गप्प बसतो. आठवण ज्या भाषेत घडली त्याच भाषेत सांगू द्यावी, अशी विनंती पहिल्याच भेटीत करण्यात संकोच नको. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था बेळगावहून दिवसात जाऊन येण्याजोगी आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालू असतो आणि तिथे भाषा निवडता येते. जीव द्यावासा वाटत असेल, तर चित्रांचा सराव बाजूला ठेवून त्याच दिवशी घरच्यांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावे.