कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मूल गळू नये म्हणून: इंदूरमध्ये साहाय्य केंद्राची आखणी

विद्यार्थ्यांसाठी काही करायचं ठरलं की इथल्या मराठी मंडळाच्या बैठकीत यादी लगेच तयार होते. पुस्तकपेढी, समुपदेशन, करिअरवर व्याख्यान, इंग्रजी संभाषणाचा वर्ग. वर्षभरात हे सगळं पारही पडतं, पण येतात ती बहुतेक तीच मुलं, जी एरवीही पास झाली असती. ज्याचं कॉलेज सुटत चाललंय तो केंद्रात येत नाही. त्याला ते सांगायची लाज वाटते, किंवा त्या वेळी तो सियागंजच्या एखाद्या दुकानात माल उतरवून घेत असतो. म्हणून सेवा कोणत्या द्यायच्या हे मागाहून ठरवा. मुलं नेमकी कुठे गळतात, ते आधी शोधा.

पुढचा सगळा हिशेब पहिल्या वर्षाच्या १२० मुलांचा आहे. मुलं बीए-बीकॉम-बीएससीची असोत, की यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, योजनेतून चालणाऱ्या कम्युनिटी कॉलेजातल्या कौशल्य अभ्यासक्रमाची. यापेक्षा जास्त मुलांनी सुरुवात करू नये.

आधी चार याद्या

एप्रिलमध्ये महाविद्यालयाच्या प्राचार्यांना लेखी विनंती करा आणि मागच्या तुकडीच्या चार याद्या मागा: प्रवेश घेतलेले, पहिल्या सीसीईला (कॉलेजातल्या अंतर्गत चाचणीला) बसलेले, परीक्षेचा फॉर्म भरलेले आणि दुसऱ्या वर्षात गेलेले. नावं नकोत, नुसते रोल नंबर पुरतात. चारही याद्या शेजारी ठेवा आणि प्रत्येक नंबर शेवटचा कुठे दिसतो त्यावर खूण करा.

पहिल्या आणि दुसऱ्या यादीच्या मध्ये जास्त गळती असेल, तर कारणं बहुधा प्रवास, नोकरी आणि चुकीचा विषय ही असतात. सीसीईनंतर आणि फॉर्मच्या आधी गळती असेल, तर फी, हजेरी आणि भीती. फॉर्म भरूनही मूल पुढच्या वर्षी दिसत नसेल, तर नापास झालेला विषय किंवा घरची अडचण. प्रत्येक ठिकाणचा उपाय वेगळा आहे. याद्या न बघता ठरवलेली सेवा चुकीच्या महिन्यात पोचते.

मग कॉलेजमार्फत गळलेल्यांपैकी २० जणांची संमती घेऊन त्यांना फोन करा. प्रश्न तीनच. शेवटचं कॉलेजला कधी गेला होतात? त्या आठवड्यात काय बदललं होतं? तेव्हा कोणाला सांगितलं होतं? तिसऱ्या प्रश्नाला ‘कोणालाच नाही’ असं उत्तर पुन्हा पुन्हा येऊ लागलं, तर तुमच्या केंद्राचं मुख्य काम काय आहे ते ठरलं.

जूनचं काम: कागद

ई-प्रवेश, म्हणजे कॉलेजांची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया, चालू असतानाच कागदपत्रांची दोन शिबिरं घ्या. हे काम रटाळ आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचंही तेच आहे. शिष्यवृत्ती अडकते ती बहुतेक पात्रता नसते म्हणून नव्हे, तर नाव जुळत नाही म्हणून.

मराठी घरांत ही अडचण हमखास येते. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहायची रीत. इथल्या शाळेच्या अंकसूचीत (गुणपत्रिकेत) मात्र अनेकदा फक्त नाव आणि आडनाव असतं. आधारवर तीन शब्द, दहावीच्या अंकसूचीवर दोन, बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. माणसाला तो एकच मुलगा दिसतो, संगणकाला तीन दिसतात. प्रत्येक मुलाची दहावीची अंकसूची, आधार, समग्र आयडी (मध्य प्रदेश शासनाचा रहिवासी क्रमांक) आणि बँकेचं पासबुक टेबलावर ओळीने ठेवा आणि नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून बघा. दुरुस्ती करायची ती अंकसूचीला प्रमाण धरून, कारण बोर्डाची नोंद बदलणं सगळ्यात अवघड. आधी आधार सुधारा, मग समग्रची ई-केवायसी करा, शेवटी बँक. हा क्रम उलटा झाला तर तेच काम दोनदा करावं लागतं.

बँकेच्या बाबतीत एक चूक फार होते. ‘खातं आधारशी जोडलंय’ असं मूल सांगतं आणि ते खरंही असतं. पण शासनाचे थेट पैसे जातात ते एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या नोंदीत आधारला शेवटचं जोडलेल्या खात्यात. मध्येच दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडून ते जोडलं असेल, तर पैसे तिकडे जातात आणि मूल जुन्या खात्यात वाट बघत बसतं. शिबिरात प्रत्येकाकडून ही नोंद तपासून घ्या.

योजनांची माहिती एका पानावर हवी, आणि त्यावर मुलाला लागू असलेल्याच योजनांना खूण केलेली हवी. बारावीला ६० टक्के किंवा त्याहून जास्त गुण मिळवलेल्या गावातल्या मुलींसाठी ‘गाँव की बेटी’ योजना आहे, महिन्याला ५०० रुपये, वर्षाचे १० महिने. सांवेर, देपालपूर, महूकडून रोज येणाऱ्या कितीतरी मुली यात बसतात आणि घरी कोणाला माहीत नसतं म्हणून अर्ज राहतो. चांगल्या गुणांच्या मुलांसाठी २०१७ पासून ‘मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजना’ आहे. अनुसूचित जाती-जमातींची आणि मागासवर्गाची शिष्यवृत्ती वेगळी. यात महाराष्ट्रातून आलेल्या कुटुंबांना आधीच स्पष्ट सांगा: महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्रावर मध्य प्रदेशाची शिष्यवृत्ती मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी १९५० साली कुटुंब कुठे राहत होतं, हा पुरावा बघितला जातो. मुलाला सप्टेंबरमध्ये ‘अपात्र’ असा शेरा दिसण्यापेक्षा जूनमध्ये आपल्या माणसाकडून कळलेलं बरं. तेवढ्या अवधीत दुसरी सोय बघता येते.

स्वयंसेवकांसाठी दोन नियम भिंतीवर लावा. आधारची झेरॉक्स केंद्रात ठेवायची नाही. मुलाच्या फोनवर आलेला ओटीपी मुलानेच टाकायचा, आपण विचारायचाही नाही.

एका पालक-मित्रामागे पंधरा मुलं

केंद्राचा कणा हाच. १२० मुलांसाठी आठ पालक-मित्र हवेत: निवृत्त शिक्षक, बँकेतले कर्मचारी, एमए-एमकॉम करणारी मुलं. प्रत्येक मुलाला पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटांचा फोन. १५ मुलांचे १५० मिनिटं, म्हणजे आठवड्याला सव्वा तास. त्यात नोंदी आणि एखादी भेट धरली तर दोन तास. एवढं देऊ शकणाराच माणूस घ्या. ‘वेळ मिळेल तसं करीन’ म्हणणाऱ्याला पुस्तकपेढीचं काम द्या.

पहिले सहा आठवडे फोन दर आठवड्याला करा. दांडीची सवय याच काळात लागते आणि मोडताही याच काळात येते. पुढे तीन खुणा दिसल्या की ठरलेल्या दिवसाची वाट न बघता फोन करायचा: सलग तीन दिवस गैरहजर, सीसीई चुकली, परीक्षेच्या फॉर्मला पाच दिवस उरलेत आणि फॉर्म भरलेला नाही. ही माहिती प्राध्यापकांकडून यायला हवी. त्यासाठी प्रत्येक वर्गाच्या एका प्राध्यापकाशी दर शनिवारी फक्त रोल नंबरांची देवाणघेवाण ठरवून घ्या. लांबलचक फॉर्म भरायला सांगितलात तर दुसऱ्या महिन्यात माहिती येणं बंद होईल.

बोलायचं कसं हेही आखणीतच येतं. ‘अरे, कॉलेजला का येत नाहीस?’ म्हटलं की मुलगा खोटं सांगतो, कारण प्रश्नातच रागावणं आहे. ‘मंगळवारी घरून किती वाजता निघतोस?’ असं विचारलं की रात्री दीडपर्यंत सराफ्याच्या खाऊबाजारात ठेल्यावर काम असतं आणि सकाळचं प्रॅक्टिकल म्हणूनच चुकतं, हे आपोआप बाहेर येतं. मग उपाय प्रॅक्टिकलची बॅच बदलून घेण्याचा असतो. उपदेशाने तिथे काही होत नाही. मुलींशी बोलणाऱ्या शक्यतो काकू किंवा ताई असाव्यात, आणि भेट केंद्रातच, दुसरं मोठं माणूस हजर असताना.

मुलाला ‘कच्चा’ ठरवू नका, विषय अवघड ठरवा

अमेरिकेत १९७३ साली मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी शाखेत जादा शिकवणीची एक वेगळी पद्धत सुरू झाली. दुबळे विद्यार्थी निवडायचे नाहीत. ज्या विषयात जास्त मुलं नापास होतात तो विषय निवडायचा आणि सत्र त्या वर्गातल्या सगळ्यांना खुलं ठेवायचं. यात कोणाच्याही कपाळी शिक्का बसत नाही, म्हणून मुलं येतात. आपल्याकडे ही पद्धत जशीच्या तशी चालते.

विषय दोनच घ्या. बीकॉमला बहुतेक लेखाशास्त्र निघेल, बीएससीला गणित किंवा रसायन, पण ठरवा तुमच्या निकालावरून. सत्र चालवणारा विद्यार्थी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा, त्याच विषयात चांगले गुण मिळवलेला. आठवड्याला ५० मिनिटांची दोन सत्रं, एका वेळी १२ ते १५ मुलं. त्याने व्याख्यान पुन्हा द्यायचं नाही. गणित फळ्यावर लिहायचं, मुलांना जोडीने सोडवू द्यायचं आणि अडलं तिथे प्रश्न विचारायचे. हुशार मुलगा खडू हातात आला की शिकवायला लागतो आणि सत्राची दुसरी शिकवणी होते. पहिले दोन आठवडे कोणीतरी मागे बसून हे थांबवावं लागतं. सत्र घेणाऱ्याला मानधन द्या. फुकट काम परीक्षा जवळ आली की बंद पडतं.

भाषेचा गुंता इथे तिहेरी आहे. घरी मराठी, शाळा हिंदीतून, कॉलेजचं पुस्तक इंग्रजीत. घसारा, मूल्यह्रास आणि डेप्रिसिएशन हे एकच आहे, हे कोणी सांगेपर्यंत मुलाला ते तीन धडे वाटतात. प्रत्येक विषयाचा ६० शब्दांचा तक्ता करा: हिंदी, इंग्रजी आणि सोपी मराठी. उत्तर कोणत्या भाषेत लिहायचं ते पहिल्याच महिन्यात पक्कं करून घ्या. पुस्तकपेढीत मध्यप्रदेश हिंदी ग्रंथ अकादमीची पाठ्यपुस्तकं ठेवा, चार मुलांमागे एक संच, देण्याची मुदत १५ दिवस.

पैसा: थोडा, पण ४८ तासांत

न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये आपल्या कम्युनिटी कॉलेजांत ‘एएसएपी’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात फीची तूट, पुस्तकं, प्रवासाचं कार्ड आणि थोडीच मुलं सांभाळणारा सल्लागार हे सगळं एकत्र होतं. शाळेच्या पातळीचं गणित-भाषा पुन्हा शिकावं लागणारी मुलं निवडून, चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट करून एमडीआरसी या संस्थेने तपासणी केली. तीन वर्षांत पदवी मिळवणारे कार्यक्रमात सुमारे ४० टक्के निघाले, बाहेर २२. त्यातली एक युक्ती उचलण्यासारखी आहे: प्रवासाचं कार्ड मुलाला दर महिन्याच्या भेटीशी जोडून मिळे. तुम्ही सिटी बसच्या पासचे पैसे देणार असाल तर ते पालक-मित्राच्या महिन्याच्या भेटीतच द्या. गैरहजर मूलही निदान तेवढ्यासाठी येतं आणि बोलणं होतं.

अडीअडचणीचा निधी २५,००० रुपयांचा पुरे. एका वेळी जास्तीत जास्त १,५०० रुपये, म्हणजे सोळा मुलांची सोय होते. निर्णय दोघांनी, ४८ तासांत. कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीवर ठेवलात तर परीक्षेच्या फॉर्मची तारीख निघून गेलेली असते. रक्कम परत मागू नका. परतफेडीच्या धाकाने मूल केंद्रात यायचंच बंद होतं, आणि १,५०० रुपयांसाठी मूल गमावणं आपल्याला परवडत नाही.

आपल्या आवाक्याबाहेरचं

मूल झोपत नाही, जेवत नाही, जगण्याचा कंटाळा आल्याचं बोलतं, तर पालक-मित्राने स्वतः उपचार करू नयेत. ऐकून घ्यावं, त्याच्याजवळ बसूनच १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक लावावा आणि त्याला एकटं सोडू नये. हा क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

लेखनिक घेऊन परीक्षा देणाऱ्या दिव्यांग मुलाला प्रत्येक तासामागे किमान २० मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. अर्ज आधी करावा लागतो. परीक्षेच्या दिवशी केंद्रावर मागून ऐनवेळी धावपळ होते. फॉर्म भरतानाच तो जोडून द्या.

जागा आणि दिनदर्शिका

खोली रामबाग-राजवाड्याकडे असो की भँवरकुआं भागात, मुलाच्या कॉलेजपासून चालत पोचता आली पाहिजे. वेळ दुपारी एक ते तीन आणि संध्याकाळी सात ते साडेआठ, म्हणजे कामावर जाणारी आणि कामावरून येणारी दोन्ही मुलं सापडतात. मंडळाचं सभागृह वापरणार असाल तर गणेशोत्सवाचे दिवस आधीच बघून ठेवा. ते नेमके पहिल्या महिन्यांच्या नाजूक काळात येतात आणि सभागृहात आरास असते, म्हणून तेवढ्यापुरती एखाद्या शाळेची खोली बोलून ठेवा. रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मोठी मिरवणूक, निघते, राजवाड्याच्या बाजूला कोणी पोचू शकत नाही. परीक्षा जवळ असेल तर त्या दिवसाचं सत्र आदल्या संध्याकाळी घ्या.

जाणाऱ्यालाही कागद मिळू द्या

सगळं करूनही काही मुलं जातील. वडील आजारी पडतात, पीथमपूरला नोकरी लागते. अशा मुलाला अडवून धरू नका, पण रिकाम्या हाताने पाठवू नका. नव्या शिक्षण धोरणात पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात त्यासाठी उन्हाळ्यातला चार क्रेडिटचा व्यावसायिक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि तीन वर्षांच्या आत परत येता येतं. म्हणून क्रेडिट बँकेचं, म्हणजे मिळवलेली क्रेडिट जमा राहतात त्या ऑनलाइन नोंदीचं, खातं पहिल्याच महिन्यात उघडून घ्या आणि जाताना त्यात गुणांची नोंद झालीय का ते बघा. अशा मुलाचं नाव वहीतून खोडू नका. वेगळ्या पानावर घ्या आणि दर वर्षी, प्रवेश उघडले की, त्याला एक फोन करा.

वर्षाअखेर पुन्हा त्याच चार याद्या मागा, या वेळी तुमच्या १२० जणांच्या, आणि मागच्या तुकडीशेजारी ठेवा. किती कार्यक्रम झाले, किती फोटो छापून आले हे अहवालाच्या शेवटच्या पानावर चालेल. पहिल्या पानावर चार आकडे लिहा आणि ज्या यादीपाशी सगळ्यात जास्त नंबर गळले तिथल्या कामासाठी पुढच्या वर्षीचा पहिला पालक-मित्र नेमा.